आबांची गोळी आणि दोनदा ओलांडलेलं माप

आमच्या भावकीत माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट सांगतात. ती लग्न होऊन घरात आली आणि माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, वाचा बसली. मग आत्यानं तोडगा केला आणि वाचा परत आली. लग्नकार्यात पंगत उठून सुपारी कातरायला माणसं बसली की कुणीतरी हे काढतंच. सगळे हसतात, बायकोही हसते, आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून उठतो.

आता उठतानाच गुडघे एवढा आवाज करतात की निमित्त कुणाला पटत नाही. म्हणून लिहितो. आबांची वाचा माझ्या बायकोच्या पायगुणानं बसली नव्हती. ती एका गोळीनं बसली होती, आणि गोळी असं करू शकते हे घरात फक्त मला माहीत होतं.

गोष्ट मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षाची. आबा बैलबाजारात दलाली करायचे. तिसगावच्या बाजारात एका टोकाला ते बोलायला लागले की दुसऱ्या टोकाची जनावरं कान टवकारायची. खरं तर या धंद्यात आवाजाचं काम नव्हतं. भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून बोलायचे, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना काही कळू नये. पण आबांची बोटं खाली गुपचूप काम करत असताना तोंड वर गिऱ्हाइकाचा उद्धार करत असायचं. "आरं, बैल मागतूस का बोकड?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य अर्ध्या बाजाराला ऐकू जायचं.

अशाच एका बाजारात ते वाक्य अर्ध्यावर राहिलं. आबांच्या नाकातून रक्त आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते बैलाच्या पायाशीच बसले. आमचे थोरले चुलते अर्धं अंग लुळं पडून खाटेवर गेले होते. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं, पण कुणी बोललं नाही. मी नुकताच मास्तर झालो होतो, म्हणजे घरातला शिकलेला मीच. मी आबांना एसटीत घालून नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि मनगट हातात धरलं. कापड आणि कापडाजवळ धरलेला हात एवढं आबांना पुरलं. त्यांनी सवयीनं डॉक्टरांची दोन बोटं दाबली.

"काका, हात सैल सोडा," डॉक्टर म्हणाले.

आबा माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाले, हळूच म्हणजे बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल इतपत, "ह्यो काय भाव लावतोय त्ये कळंना."

पारा पाहून डॉक्टरांनी पट्टा पुन्हा फुगवला. पुन्हा तोच आकडा निघाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ब्लडप्रेशर आहे. चांगलंच आहे." आबांना वाटलं, चांगलं आहे म्हणजे बरंच झालं, आणि ते तंबाखू थुंकायला बाहेर गेले.

तेवढ्यात डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. त्यांनी हयगय केली असं मी कधीच म्हणणार नाही. "ही गोळी एका झाडाच्या मुळीपासून काढतात. प्रेशर उतरवते. पण नाक चोंदेल, सुस्ती येईल. तेवढं चालेल. मात्र माणूस उदास व्हायला लागला, रडायला लागला, कशात मन लागेना झालं, तर लगेच इकडे आणायचं. ही मनावरही काम करते. आणि आपल्या मनानं बंद करायची नाही. महिन्यानं दाखवायला या. कळलं ना मास्तर?"

"कळलं," मी म्हणालो. आणि खरंच कळलं होतं.

एसटीत बसल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

इथं मी जे केलं ते का केलं, तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी एका वैद्यानं आबांना काढा देताना "थोडी मळमळ होईल हं" एवढं म्हटलं होतं. आबांनी तो काढा म्हशीला पाजला. म्हशीला मळमळ झाली नाही, हे ते पुढे वैद्याच्या विरोधात पुरावा म्हणून सांगत. आता नाक, सुस्ती आणि मन असं सगळं सांगितलं असतं, तर गोळ्या एसटीच्या खिडकीतून करंजीच्या घाटात गेल्या असत्या. आणि माझ्या डोळ्यांपुढे चुलत्यांचं लुळं अंग होतं.

म्हणून मी म्हणालो, "मुळीपासून केलेली गोळी आहे. रोज घ्यायची."

"मुळी व्हय? मंग बरं हाय. पथ्य?"

"मीठ कमी."

"आन् आंबट?"

"चालेल."

"वांगं? त्याल?"

"सगळं चालेल."

आबांनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. "डाक्टरला आवषीद येत न्हाई."

घरी आईनं मीठ एकदम बंद केलं, म्हणजे आमटीतलं. लोणचं आणि पापड सुरू राहिले, कारण ते लोणचं आणि पापड होते, मीठ नव्हे. गोळी रोज सकाळी मी माझ्या हातानं द्यायचो. आणि त्याच पंधरवड्यात माझं लग्न झालं. बायको राहात्याकडची, पाटपाण्याच्या मुलखातली. आमच्या कोरड्या गावात ती माप ओलांडून आली आणि आबा हळूहळू गप्प होऊ लागले.

सुरुवातीला सगळ्यांना सुखच झालं. आबांचं नाक चोंदलं, आवाज खाली आला. आईला अंगणातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. बाजारात तर कमालच झाली. एका बैलजोडीचा सौदा करताना आबांना रुमालाखाली हात ठेवल्याठेवल्या डुलकी लागली. डोळे अर्धे उघडे, बोटं गार आणि स्तब्ध. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, दलाल अडून बसलाय. त्यानं भाव चढवला. बोटं हलेनात. त्यानं आणखी चढवला. शेवटी त्यानं वैतागून हात झटकला तेव्हा आबा जागे झाले आणि म्हणाले, "बरं, तुज्या मनासारखं व्हऊ दे." बैलवाला मालक आबांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. "आबानं आता निस्त्या बोटांनी मान्सं झुकवायला सुरवात केली," असं बाजारभर झालं. मी लांबून हे पाहत होतो आणि सुस्ती चालेल असं डॉक्टर म्हणालेत, ही मनाची समजूत काढत होतो.

पण मग आबा बाजाराला जाईनासे झाले. एकदा एका शेतकऱ्यानं कालवड विकायला आणली, तर ती आईपासून तुटणार म्हणून आबा रडले. ज्या माणसानं आयुष्यभर जनावरं इकडची तिकडं केली, तो माणूस! मग ते ओट्यावर बसून राहायला लागले. जेवायला बोलावलं तर यायचे, घास हातात धरून विसरायचे. महिना कधीच उलटून गेला होता. शाळा, पाव्हणे, देवदर्शन अशी कारणं माझ्याकडे भरपूर होती. खरं कारण असं की डॉक्टरांपुढे आबांना नेलं की माझं बिंग फुटणार होतं.

अशात आबांची बहीण, आमची आत्या, आली. आत्याचा आवाज आबांच्याच घराण्यातला, आणि तिला कुठलीच गोळी नव्हती. भावाला पाहून तिनं आधी टाहो फोडला, मग पदरानं डोळे पुसले आणि चौकशीला बसली.

"कवापासून असं झालंय?"

आई म्हणाली, "लग्नापासनंच की वं वन्सं."

आत्यानं माझ्या बायकोकडे वळून पाहिलं. ती बिचारी चुलीपाशी भाकरी थापत होती. "घरात येताना कोंचा पाय आदी टाकला हुतास गं?"

"उजवाच टाकला होता, आत्याबाई."

"तुला काय आठवतंय? डोळ्यांवर मुंडावळ्या, डोस्क्यावर शालू. डावाच असंल!"

मी तिथंच बसून वह्या तपासत होतो. एक वाक्य पुरलं असतं. 'आत्या, ते गोळीनं होतंय.' मी ते वाक्य बोललो नाही. गोळी बंद होईल ही भीती होतीच. पण भीती म्हणावी तर तिच्या आड लाजही बसली होती. सगळं कळलेला मास्तर गप्प का राहिला, हे मग सांगावं लागलं असतं.

आत्यानं तोडगा ठरवला. सुनेला पुन्हा घरात आणायचं. दुसऱ्या दिवशी बायकोला लग्नातलं लुगडं नेसवून वेशीपर्यंत नेलं आणि तिथून पुन्हा वरातीसारखं आणलं. वाजंत्री नव्हती, म्हणून आत्याबरोबर आलेल्या तिच्या दिरानं ताट बडवलं. गल्लीतल्या बाया दारात येऊन विचारत होत्या, "काय वं, दुसरी केली का काय मास्तरनं?" उंबऱ्यावर माप ठेवलं. आत्या वाकून, डोळे बारीक करून, पंचासारखी पायांकडे पाहत राहिली. बायकोनं उजव्या पायानं माप लवंडलं आणि आत आली. समोर आबा बसले होते. तिला पाहून त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"बगा! गुन आला!" आत्या ओरडली.

गुण आला नव्हता. आबा तसेच बसून राहिले. आत्या मात्र काम फत्ते करून आपल्या गावी गेली.

चारेक दिवसांनी बायको मला गोठ्याकडे घेऊन गेली. तोपर्यंत ती माझ्याशी मोकळेपणी बोलतही नव्हती. ती म्हणाली, "मामंजी आज मला म्हणाले, सूनबाई, आता जगावंसं वाटत न्हाई. तुमचं काई चुकलं न्हाई, माजंच मन मेलंय." मग तिनं सरळ विचारलं, "डॉक्टर त्या गोळीबद्दल काय म्हणाले होते?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आणि मी ताटाच्या तालावर गावातून चालत आले. उद्याच्या पहिल्या एसटीनं त्यांना न्या."

डॉक्टरांनी आबांकडे एकदा आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी यांना सांगितलं होतं काका, मन उदास झालं की लगेच आणा म्हणून. हे सगळं गोळीनं होतंय. आपण ती बंद करू आणि दुसरी देऊ. मन लगेच उभारी धरणार नाही, थोडे आठवडे जातील." या वेळी त्यांनी मला बाजूला बसवून आबांनाच समजावलं. नव्या गोळीनं लघवीला जास्त जावं लागेल, पायांत गोळे येऊ शकतात, खाटेवरून उठताना आधी बसायचं आणि मग उभं राहायचं. लोणचं आणि पापड म्हणजे मीठच. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कुठेही म्हशीचं नाव काढलं नाही.

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज अजून खालीच होता.

"जनावराला खोड आसती. मारकं आसंल तर मारकं हाय म्हनून आदी सांगायचं. मंग घ्यायचं का न्हाई ते गिऱ्हाईक ठरवंल. मी उभ्या जन्मात खोड झाकून बैल इकला न्हाई. आन् तू खोड झाकून गोळी माज्या गळ्यात मारलीस."

"तुम्ही घेतली नसती, आबा."

"नसती घेतली. मंग तू भांडायचं हुतं माज्याशी. भांडायला कवा न्हाई म्हनलोय का मी?"

मी नव्या गोळ्यांची पुडी त्यांच्या हातात दिली. ती खिशात घालत ते म्हणाले, "घरी कुनाला सांगू नगं. मास्तरला डाक्टरचं बोलनं सांगता येत न्हाई म्हनल्यावर तुज्याकडं पोरं कोन धाडंल?"

एवढं सगळं होऊनही त्यांनी माझी अब्रू झाकली. आणि माझी झाकली की कुणाची उघडी राहते, हे त्या बाकावर आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं, तरी मी गप्पच राहिलो.

आबा हळूहळू सुधारले. नव्या गोळीची खोड ते स्वतःच जाहीर करायचे. एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगायचे, "मला मधी थांबावं लागंल, आत्ताच सांगून ठिवतो, मंग कुरकुर नगं." सौद्याच्या मध्येही रुमाल गिऱ्हाइकाच्या हातावर तसाच ठेवून बोरीच्या झाडाआड जायचे. आणि एका बाजारात ते वाक्य पुन्हा पूर्ण झालं, "आरं, बैल मागतूस का बोकड?" जनावरांनी कान टवकारले. घरी आईनं कपाळाला हात लावला आणि देवापुढे साखर ठेवली.

बातमी ऐकून आत्या धावत आली. भावाचा आवाज वेशीवरूनच ऐकून ती जी सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. "दुसऱ्यांदा उजवा पाय पडला आन् माजा भाऊ बोलाया लागला!" तिनं हे दहा गावांत सांगितलं. परिणाम असा झाला की आमच्या भावकीत आजही नवी सून दोनदा माप ओलांडते. एकदा रीतीनं आणि एकदा खात्रीसाठी. का, असं कुणी विचारलं की माझ्या बायकोकडे बोट दाखवतात.

मागच्या लग्नात मी धीर करून पुतण्यांना म्हटलं, हे बंद करा, यात तुमच्या काकूचा काही दोष नव्हता. थोरला पुतण्या म्हणाला, "असू द्या हो काका, दुसऱ्या वेळी फोटो चांगले येतात."

म्हणून मग कागद घेतला. लिहून झाल्यावर पहिल्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. तिनं दोन दुरुस्त्या केल्या. मापात गहू नव्हते, बाजरी होती. मी म्हटलं, मी धान्याचं नावच लिहिलेलं नाही. ती म्हणाली, मग लिहा. दुसरी दुरुस्ती अशी की त्या दिवशी ताटाच्या तालावर चालताना तिला रडू नाही, हसू येत होतं, आणि ते दाबल्यामुळे मान खाली गेली होती.

मग तिनं आणखी मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या.

"हे आत्याबाईंना वाचून दाखवायला हवं होतं," ती म्हणाली.

"आत्या जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणून तर तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली आणि टरफलं सुपात गोळा करू लागली.