जाड गोळीचा धक्का

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलांना नाही. आप्पांना — माझ्या वडिलांना — तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक. पण आता सुरुवात केलीच आहे.

मुठा खोऱ्यात आमच्या घरी शिकारीची एक जुनी रायफल होती. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा तिची नळी आतून पार झिजली. नेम एकीकडे धरावा तर गोळी भलतीकडेच जायची. आप्पांची नजर अधू झालेली, म्हणून रायफल माझ्याकडे आली आणि नवी नळी बसवायला पुण्याच्या लष्कर भागात मीच गेलो. नळी बदलायची म्हणजे आधी काडतूस ठरवायचं. एकदा नळी बसली की त्याच मापाची गोळी तिच्यात कायमची. निघताना आप्पांनी बजावलं होतं, "जाडच घे. आपल्या कारवीच्या दाट झाडीत जनावर अगदी म्होरं येऊन उभं ऱ्हातं. लागंल तितंच बसलं पायजे."

कारागिराकडे दोन्ही मापांच्या नळ्या होत्या. दोन्हींची काडतुसंही मिळत होती — हे नीट लक्षात ठेवा. त्यानं जाड, बोथट गोळीचं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं आणि — कसं सांगू? — माझा खांदा आपोआप मागे सरला. त्या गोळीचा धक्का मला माहीत होता. जुन्या नळीतून ती उडवताना मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचो. गावात हे कुणाला कळलं नव्हतं. बारीक, वेगवान गोळीचा धक्का त्यामानानं काहीच नव्हता. कशावर चालवणार, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, माळावरच्या हरणांवर. आमच्या खोऱ्यात कुठला आलाय माळ? त्यानं बारीक गोळीची नळी बसवून दिली.

घरी येऊन म्हणालो, जाड काडतुसं विलायतेहून यायची बंद झाली. आप्पा म्हणाले, मग इलाज न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

पुढं भात कापणीला आलं आणि कळप सोडून एकटा फिरणारा एक थोरला रानडुक्कर खाचरांत शिरू लागला. सकाळीच हाका घातला. जनावर उठवणाऱ्या माणसांचा पुढारी होता वरच्या वाडीतला धोंडू, आप्पांचा तरुणपणापासूनचा जोडीदार. मी ओढ्याच्या अलीकडे रायफल घेऊन बसलो.

कारवी हलली आणि तो बाहेर आला. असं जनावर मी जन्मात पुन्हा पाहिलं नाही! मानेवरचे केस उभे, अंगावर वाळलेला चिखल, पिवळे पडलेले सुळे. आरडाओरडा चालू होता तरी तो पळत नव्हता. घरधनी आपल्या बांधावरून फिरतो, तसा चालत होता. मी चाप ओढला. डोळे उघडे होते, तेवढं मात्र साधलं होतं. गोळी त्याच्या खांद्यावर बसलेली मी पाहिली. तो डगमगलासुद्धा नाही. मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. भीती मागाहून वाटली. आधी वाटलं, हात जोडावेत.

मग तो उलटा फिरला आणि माणसांच्या ओळीत घुसला. वाटेत धोंडू होता. त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली.

आमच्या घराण्यात एक रीत होती. जनावर जखमी होऊन निसटलं, तर ते सापडेपर्यंत बंदूकवाल्याच्या घरची चूल पेटायची नाही. आप्पांनी ती पाळली. उपाशीपोटी, काठी टेकत, ते स्वतः रक्ताच्या मागावर निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. झऱ्यापाशी पुढचे पाय पोटाखाली घेऊन, आम्ही आलो त्या वाटेकडे तोंड करून बसला होता. मेलेला होता, तरी आम्ही सगळे थबकलो. बारीक गोळी खांद्याच्या जाड कातड्यातच फुटली होती. आप्पांनी जखमेत बोट घालून पाहिलं आणि ते डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्यासमोर उभे राहिले. मी त्यांना कुणापुढं बोडक्या डोक्यानं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

तिथून ते थेट धोंडूच्या झोपडीत गेले. पागोटं त्याच्या पायाशी ठेवलं.

"चूक माजी हाय, धोंडू. जाड गोळी मिळत न्हाई म्हटल्यावर मी हाकाच घालाया नको हुता."

धोंडू उठू बघत होता, त्याला उठता येईना. पागोटं उचलून त्यानं छातीशी धरलं आणि दोघे म्हातारे रडले. मी दाराशी उभा होतो. मला ते दोघे केवढे मोठे दिसले! जाड गोळी मिळत होती — एवढं बोललो असतो, तर आप्पांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. बोललो का? नाही.

धोंडूचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. आप्पांनी त्यानंतर कधी हाका घातला नाही आणि धोंडूचं शेत आमच्याच बैलांनी नांगरायचं, हे घरात ठरून गेलं. गावानं आप्पांची थोरवी गायली. ती मीही ऐकली, मान डोलावून.

बऱ्याच वर्षांनी आप्पा अंथरुणाला खिळले. मी पाय चेपत बसलो होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "व्हय रं, त्या जाड गोळ्या पुन्यांदा याया लागल्या का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. धक्का बसावा असं तिथं काहीच नव्हतं.

"न्हाई, आप्पा," मी म्हणालो आणि पाय चेपत राहिलो.