गुडघे सैल सोड

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या मामांचं, आणि अख्ख्या कंधार तालुक्यात बर्फावरच्या नाचाचं शास्त्र कळणारा एकमेव माणूसही तेच. इथल्या लोकांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. मामांनीही तिथंच पाहिला होता. मामा बसचे कंडक्टर. रिटायर व्हायच्या सुमारास बसमधून उतरताना पाय मोडला, प्लास्टर लागलं, आणि नेमका रिमोट बिघडून टीव्ही एकाच चॅनेलवर अडकला. त्यावर बुटांना पाती लावलेली माणसं गिरक्या घेत होती. पुढं प्लास्टर निघालं, रिमोट नवा आला. मामा मात्र त्या चॅनेलवरच राहिले.

तेव्हापासून त्यांच्याकडं गेलेल्या माणसाला चहाबरोबर फिगर स्केटिंग मिळतं. "उडी कशी वळखायची? समदे पाठमोरे उडतेत. समोर तोंड करून उडला, त्याची लई अवघड. उतरायचं मात्र समद्यांनी उलटंच, एका पायावर." खत आणायला निघालेला शेजारी एकदा त्यांच्या मोबाइलमध्ये असा गुंतला की दुकान बंद झालं. नाचणारी पोरगी पडली तेव्हा तोच हळहळला. मामा म्हणाले, "गाणं थांबलं का? न्हाई ना? मग ती बी थांबत न्हाई. बघ, उठली."

खरं म्हणजे ही विद्या त्यांच्या अंगात आधीपासूनच होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्यांच्या बसमध्ये उभ्यानं झालो. नांदेडला कॉलेजला जाताना जागा मिळायची नाही. दांडी न धरता तिकिटं देत मामा सांगायचे, "गुडघे सैल सोड. ताठ ऱ्हायला की पडला."

उदगीरला मास्तर म्हणून लागल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय घेऊ?" सदरा मागतील असं वाटलं होतं. म्हणाले, "बर्फावर उभं कर एकदा." हैदराबादच्या एका मॉलमध्ये तशी सोय होती. मामी कडाडल्या, "मोडका पाय हाय त्यांचा! पुन्हा हाड मोडून आणलंस तर ह्या घराची पायरी चढू नगं!" मामांनी मग गोधडीवर पडायचा सराव केला. गुडघे मुडपायचे, कुशीवर पडायचं, मुठी झाकायच्या, म्हणजे बोटांवरून कुणाचं पातं जात नाही.

आयुष्यभर बसमध्ये चढताना पायरीला हात लावून कपाळाला लावायची त्यांची सवय. बर्फावर पाय ठेवताच ते तसेच भक्तिभावानं वाकले, आणि गेले! मी धावलो. मामा मात्र कुशीवर, मुठी झाकून, अगदी शिस्तीत पडले. एक गुडघा टेकून उठले, पाय हलवून बघितला. "हाय. जागेवर हाय."

तिथली शिकवणारी पोरगी थक्क. "अंकल, कहाँ सीखे?"

"कंधार में. गोधडी पे."

परतल्यावर मी पत्र पाठवलं.

"ती. मामांस सा. न.

पोचल्याचा फोन केला होता, पण कागदावर आल्याशिवाय तुम्हाला काही खरं वाटत नाही. हाड शाबूत आहे आणि मामी माझ्याशी बोलतात, याहून जास्त मला काही नको. तुम्हाला उठवायला मी धावलो आणि स्वतःच आडवा झालो. शेवटी तुम्हीच हात दिलात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी नापास झालो तेव्हाही दिला होता. हात तोच, पण फार हलका लागला, मामा. पुढच्या वेळी भार माझ्यावर टाका. मी गुडघे सैल सोडून उभा आहे."