जानकीमावशींचे कोमट पाणी

जानकीमावशी वर्गात शिरल्या की आधी माझी तेलाची बाटली उचलत. बूच काढून ती नाकाशी धरत, नासके दूध हुंगल्यासारखे तोंड करत आणि बाटली खिडकीत नेऊन ठेवत. मग कमरेच्या ओटीतून स्वतःची काळपट बाटली काढत. तिच्यात खोबरेल होते, त्यात कोकमाच्या बियांचे तेल विरघळवलेले होते, आणि आणखी काय काय होते ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितले नाही. बूच निघताच अंगणवाडीची ती एकुलती खोली बदलून जाई. ओले लाकूड, आंबूस फळ आणि चुलीवर वाळलेला पाला यांचा मिळून एक दाट वास भिंतींना चिकटून राही. माझ्या तेलाला वास नव्हता. तसेच ते असावे, असे मला प्रशिक्षणात शिकवले होते.

"ह्याला वास न्हाई, काय न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणत. "पोराला कळायचं कसं, कोण आलंय ते?"

कर्नाटकात, जोयड्याहून अणशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी दर बुधवारी हा वर्ग घेत असे. आईने, आणि जमल्यास बापानेही, आपल्या बाळाला स्वतःच्या हातांनी मालिश कसे करावे, एवढाच त्याचा विषय. जानकीमावशींना तिथे कोणी बोलावले नव्हते. त्या गावच्या न्हाणवणाऱ्या बाई. आसपासच्या वाड्यांमधली बहुतेक पोरे त्यांच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून न्हालेली. वर्गाला येणाऱ्या आयांपैकी निम्म्याजणी स्वतः त्या पायांवर वाढलेल्या. त्यामुळे मी एक वाक्य उच्चारले की सगळ्यांची नजर माझ्यावरून निघून मावशींकडे जाई, आणि तिथे काय कौल मिळतो ते पाहून मग परत येई.

माझा पहिला धडा परवानगीचा. तेल लावलेले तळहात एकमेकांवर घासायचे, बाळाला ते दाखवायचे आणि विचारायचे, "सुरू करू का?" बाळ अंग चोरते, पाय आखडते, की बोटे उलगडते, हे पाहायचे आणि मगच हात लावायचा. मला हा धडा फार आवडत असे. मी तो जरा हळू आवाजात, जरा रंगून सांगत असे. त्या रंगात असतानाच मावशी हसल्या.

"पोराला इचारायचं?" त्या म्हणाल्या. "आणि त्यानं न्हाई म्हटलं तर? पारुसं ठेवायचं? उद्या दूध पाजायला पण चिठ्ठी धाडा."

सगळा वर्ग खिदळला. बाळेसुद्धा हसल्यासारखी वाटली.

"मावशी, हे शास्त्र आहे," मी म्हटले.

"आसंल. टीचरबाई, तुला पोरं किती?"

"एक."

"त्याला न्हाऊ कुणी घातलं?"

मी सतरंजीची सुरकुती सरळ करू लागले. माझ्या मुलाला न्हाऊ घालायला आईने बेळगावात एक बाई ठेवली होती.

"व्हय ना!" मावशी म्हणाल्या आणि आपली बाटली माझ्या सतरंजीवर मधोमध ठेवली.

मी शिकवायला रबराची बाहुली वापरत असे. एका बुधवारी मावशींनी ती उचलून आपल्या पायांवर टाकली आणि चोळायला घेतली, तर तिचा डावा हात खांद्यातून निखळला. "आमच्या हातात आजवर कुणाचा हात आला न्हाई," असे म्हणून त्यांनी तो मला परत दिला. तो पुन्हा कधी नीट बसला नाही. पुढे कित्येक महिने मी लुळ्या हाताच्या बाहुलीवर निरोगी बालपणाचे धडे देत होते.

माझा खरा राग मात्र सवितावरून होता. सविता विशीची, पहिलटकरीण. तिचे बाळ दिवस भरण्याआधीच आलेले, ओंजळीत मावेल एवढे. त्याची कातडी इतकी तलम की खालच्या निळ्या शिरा पाण्यातल्या मुळांसारख्या दिसत. नवरा गोव्यात कारखान्यात. ती बाळाकडे पाही, पण त्याला हात लावायला धजत नसे. हा वर्ग कोणासाठी असेल तर तिच्यासाठी, असे मला वाटे. ती बोट पुढे करते न करते तोच मावशी बाळ उचलून आपल्या पायांवर घेत. "तुझं काम न्हाई ते. तू दूध पाज." सविता हात पदराखाली घेई. मी किती वेळा समजावले, किती वेळा आवाज चढवला! "ते तुझ्या कागदात हाय," मावशी म्हणत, "आंगात न्हाई." एवढे बोलून तेलकट हातांनी माझे कागद बाजूला सारत. माझ्या सगळ्या टिपणांवर त्यांच्या अंगठ्याचे डाग आहेत.

थंडी सुरू झाली आणि मावशी अचानक बदलल्या. बुधवारी त्या मागे भिंतीला टेकून बसू लागल्या. बाळाला मध्ये ठेवून सवितावर खेकसत, "बघतीस काय? लाव हात. तुझंच हाय न्हवं?" घरीसुद्धा पाणी सविताच पाहते, सविताच ओतते, आपण फक्त बाळ धरतो, असे त्यांनी स्वतः सांगितले. सविताची बोटे धीट झाली होती. बाळाच्या पोटावर ती घड्याळाच्या काट्यासारखा हात फिरवी आणि बाळ जांभई देई. मी मनात म्हटले, अखेर जिंकले! त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिले की पारंपरिक सुईणींच्या दृष्टिकोनात स्वागतार्ह बदल दिसून येत आहे. ते वाक्य आठवले की आजही माझे कान तापतात.

एका सकाळी मी सविताच्या घरी गेले. परसात न्हाणी, तिच्याबाहेर तीन दगडांवर हंडा. निरगुडीच्या पाल्याची वाफ सुपारीच्या झाडांत शिरत होती. सविता बाळाला पाजायला आत गेली होती. मावशींनी घमेल्यात पाणी काढले, त्यात मनगटापर्यंत हात बुडवला, क्षणभर थांबल्या आणि आत ओरडल्या, "कोमट हाय गो! आण त्याला."

घमेल्यातून वाफांचे लोट उठत होते. मी पुढे होऊन बोट घातले आणि ओरडून मागे घेतले. बोट जागच्या जागी लाल झाले. मावशींचा हात अजून पाण्यातच होता.

मी तो धरून वर काढला. तळव्यावर एक जुना फोड फुटून वाळला होता, त्याच्या शेजारी दुसरा, ताजा. त्यांनी हात ओढून घेतला आणि पदरात गुंडाळला. तेवढ्यात सविता आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, मावशींकडेही पाहिले नाही. बाळ एका हातावर धरून तिने शेजारच्या कळशीतले गार पाणी घमेल्यात ओतले, कोपर बुडवून पाहिले, आणखी ओतले. रोजच करावे तसे. मग म्हणाली, "मावशी, कोमट झालं."

"मी तेच म्हटलं," मावशी म्हणाल्या.

परत निघताना सविता मला कुंपणापर्यंत पोचवायला आली. "महिना झाला बाई," ती हळूच म्हणाली. "त्यांस्नी पाणी कळत न्हाई. मी बोलले न्हाई. त्यांचं मन मोडंल."

या भित्र्या मुलीच्या हाताला धीर कशाने आला, ते मला त्या कुंपणापाशी कळले. माझा एकही धडा तिच्या कामी आला नव्हता. तिला रोज सकाळी एका बाळाला भाजण्यापासून आणि एका म्हातारीला लाजेपासून वाचवायचे होते, म्हणून तिचे हात शिकले होते.

पण सविता एका घरात होती. मावशी चार घरांत जात होत्या, आणि महिनाभरात त्यांच्या स्वतःच्या नातीचे बाळंतपण यायचे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढत जीपमध्ये बसवले आणि जोयड्याला सरकारी दवाखान्यात नेले. वाटभर त्या शेजारच्या सीटवर माझ्याकडे पाठ करून बसल्या. डॉक्टर कानडीत विचारत होते, मावशी प्रत्येक प्रश्नाला "एनू इल्ला" म्हणत होत्या. काही नाही, काही नाही. रक्त तपासले तेव्हा साखर भलतीच वाढलेली निघाली. बोटांची जाण गेली आहे, गोळ्यांनी साखर आटोक्यात राहील, पण हात पहिल्यासारखे होतील असे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी त्यांना सांगितले, "मावशी, आता न्हाणवणे बंद. आजपासून. तुम्ही सांगितले नाही तर घरोघरी जाऊन मी सांगेन."

"सांग जा."

"एखादे पोर भाजेल, मावशी."

रस्त्यापलीकडे एक बाई भजी तळत होती. गरम तेलाचा वास आमच्यापर्यंत येत होता, आणि मावशी आपले दोन्ही तळहात उताणे मांडीवर ठेवून त्यांच्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांच्या तेलाने ते हात चिंचोक्यासारखे गुळगुळीत झाले होते.

"मला काय ठाऊक न्हाई व्हय ते?" त्या अखेर म्हणाल्या. "हात मुका झाला. म्हणून तर मी त्या पोराकडं बघायला लागले. पायाची बोटं आकडतंय का, तोंड वाकडं करतंय का. त्यालाच इचारत बसते, बाबा, सोसंल का तुला?" मग एकदम माझ्यावर डोळे वटारले. "पर सविताला मधनं आत जावं लागतं. मग मी एकटीच. बाकीच्या घरांत तर ती पण न्हाई."

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी मी त्यांच्या उताण्या तळहातावर ठेवली.

"सोडते," त्या म्हणाल्या. "पर तू कुणाला सांगायचं न्हाई. जानकीनं सोडलं असं न्हाई व्हायचं. जानकी शिकवायला लागली, असं व्हायचं. मी जिती हाय तवर."

"म्हणजे माझ्या वर्गात?"

"तुझा कसला वर्ग? माझी पोरं ती."

मी कबूल झाले, आणि त्यानंतरची तीन वर्षे त्याची किंमत दर बुधवारी मोजली. मावशी खोलीच्या मधोमध पाय लांब करून बसत. त्यांच्या पायांवर एकेक बाळ यायचे आणि त्याची आई, कधी बाप, त्याला चोळायची. मावशींचे हात पदराखाली आणि जीभ मोकळी. "आधी तळवा घास. दाखव त्याला. आता इचार. नीट इचार की, सासऱ्याला इचारल्यासारखं काय करतीस!" पाण्याचा धडा तर त्यांनी स्वतः रचलेला. तळहाताने पाणी पाहायचे नाही, तळहात खोटे बोलतो. कोपर बुडवायचे, तेही आईने. नातीचे बाळ आले तेव्हाही पाणी सवितानेच पाहिले, तिनेच ओतले. मावशींनी फक्त पाय दिले, आणि पणतू पालथा पडून रडत होता तोवर त्या मला बजावत होत्या की मी उभी राहून उजेड अडवते आहे. आल्यागेल्याला त्या सांगत, "ही टीचरबाई चांगली हाय. आली तवा काय येत न्हवतं. मी शिकवलं." मी दात आवळून मान डोलावत असे. एकदा तालुक्याहून पाहणीला आलेल्या बाईंनी ते वाक्य वहीत टिपून घेतले!

मागच्या पावसाळ्यात मावशी गेल्या. पायाला झालेली जखम त्यांना कळली नव्हती. कळली तेव्हा, सवयीप्रमाणे, त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. त्यांच्या घरी गेले तेव्हा नातीने ती काळपट बाटली माझ्या हातात दिली. रिकामी होती. त्यात काय घालायच्या, ते नातीलाही ठाऊक नव्हते. मला त्या क्षणी दुःखाइतकाच राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या बुधवारी वर्गाला एक नवी मुलगी आली. माहेर रामनगरचे, लग्न होऊन इकडे आलेली. मावशींना तिने कधी पाहिलेले नव्हते. मी माझी बिनवासाची बाटली उघडली, तळहातांवर तेल घेतले आणि नेहमीच्या हळू आवाजात सुरुवात केली, "बाळाला हात लावण्याआधी आपण..."

"त्याला इचारायचं," ती मध्येच म्हणाली. "आधी पोराला इचारायचं, मग कोपरानं पाण्याला. शेजारच्या सवितावैनीनं सांगितलं. इथल्या जानकीमावशीची रीत हाय ती. तुमास्नी ठाऊक न्हाई व्हय?"

सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. खिडकीत ती रिकामी बाटली उन्हात उभी होती.

"नाही," मी म्हटले आणि तळहात पुसून बाजूला सरकले. "दाखव बरं."