न बसणाऱ्या ताई

ताई कुणाच्याही घरी गेल्या की त्या घराची पंचाईत व्हायची. कारण ताई बसत नसत. "बसा ना", "अहो, निदान टेका तरी", असा घोशा चालू असतानाच त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहत आणि शांतपणे चहा घेत. पाहुणी उभी म्हणून यजमानीण उभी, यजमानीण उभी म्हणून सासरे काठी शोधू लागत. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्या आल्या, तेव्हा निम्म्या लोकांनी उभ्याउभ्याच पोहे आणि केक खाल्ला. भाड्याच्या खुर्च्या तशाच परत गेल्या.

शहराच्या पलासिया भागातल्या आमच्या विमा कार्यालयात शिपायांनी त्यांचं नाव 'खडी मॅडम' पाडलं होतं. मी मात्र नोकरीला लागले त्या दिवसापासून ताई म्हणायचे. कमरेएवढ्या दोन कपाटांवर फळी टाकून त्यांनी आपलं टेबल केलं होतं आणि तिथे उभं राहून त्या लोकांचे दावे निकालात काढत. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत चटई टाकून त्या आडव्या होत. त्यावरून एका नव्या मॅनेजरने "ये ऑफिस है कि धर्मशाला?" असं विचारलंच. ताई झोपल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सर, धर्मशाळेत काम नाही करावं लागत."

त्यांना झालं होतं काय, हे समजून घ्यायची तसदी फार थोड्यांनी घेतली. त्यांच्या पाठीच्या कण्यातली मुख्य दोरी जन्मापासून खालच्या टोकाला अडकलेली होती. ती सोडवायला ऑपरेशन झालं. त्यानंतर आतल्या आवरणाला सूज आली आणि नसा एकमेकींना चिकटल्या. त्या मला सांगताना म्हणाल्या होत्या, "अगं, शेवया कशा सुट्ट्या असतात ना, तशा नसा पाहिजेत. माझ्या गिचका होऊन बसल्यात. बसायला गेलं की कमरेखाली पूरी आग लागते, और फिर उठवत नाही." पायांची जळजळ, रात्रीची न येणारी झोप, लघवीला वेळेवर पोचण्याची धडपड, हे सगळं त्यांच्या नीट नेसलेल्या साडीआड राहायचं आणि लोक म्हणायचे, "तब्येत तर मस्त आहे तुमची!" आमच्या शहरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, सगळं वेगळं करता येतं. दुखणं आणि आळस तेवढे वेगळे करता येत नाहीत कुणाला.

उपाय मात्र फुकट मिळायचे. कुणाचे फुफा हाडं बसवायचे, कुणाकडे जडीबुटीचं तेल होतं, कुणाला योगाने फरक पडला होता. ताई सगळं ऐकून घेत आणि एकच विचारत, "त्यांना हीच बीमारी होती का?" समोरचा विषय बदलायचा. मग चार दिवसांनी तोच माणूस नवं तेल घेऊन हजर. मला संताप यायचा. ताईंचे आजोबा महूला फौजेत होते. त्या म्हणायच्या, "आमच्या घरी रडण्याची परेड होत नाही." त्या न झालेल्या परेडनेच त्यांचा घात केला, असं मला पुष्कळदा वाटतं. जरा विव्हळल्या असत्या तर लोकांना पटलं असतं.

आणि मग त्यांची बदली शहराबाहेर सांवेरला झाली. ताईंची खोली ऑफिसपासून चालत जाण्याजोगी होती, म्हणूनच त्यांची नोकरी टिकून होती. आता रोज बसचे धक्के खात जायचं आणि यायचं. बदली रद्द करून घ्यायला त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. सोबतीला मी होते.

"बैठिए मॅडम," साहेब म्हणाले.

"नहीं सर, खडी ठीक हूँ."

"अरे, बैठिए तो!"

तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा बदलला. "आप बात करने आई हैं कि धरना देने?" ताईंनी सगळं शांतपणे सांगितलं. एमआरआयच्या फिल्म पुढे केल्या. साहेबांनी फिल्मना हातसुद्धा लावला नाही. त्यांनी ताईंना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "देखने में तो आप मुझसे ज्यादा फिट लगती हैं."

बाहेर येताच मी चिडले. "ताई, दोन मिनिटं बसायचं होतं हो! त्यांचा मान राहिला असता."

"बसले असते तर काय बोलला असता? बैठ तो रही हैं आप, बस में भी बैठ जाइए." त्या जिना उतरायला लागल्या.

ताई सांवेरला जाऊ लागल्या, बसमध्ये दांडी धरून, उभ्याने. लोक भल्या मनाने जागा द्यायचे आणि ही बाई नाही म्हणते म्हणून रुसायचे. थंडी सुरू झाली तेव्हा त्यांचा उजवा पाय ओढल्यासारखा पडू लागला. एके संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या, तर एका पायात चप्पल नव्हती. तळवा कापून रक्त येत होतं. चप्पल कुठे निसटली आणि काच कुठे लागली, त्यांना काहीच कळलं नव्हतं. माझ्या फरशीवरचे ठसे पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हे माझंच आहे का?" त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

दोरी पुन्हा ताणली जात होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर नसा आणखी चिकटू शकतात, नाही केलं तर पाय जाऊ शकतो. बदलीमुळेच हे झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. ताईंनी ऑपरेशन नको म्हटलं. उन्हाळ्यापर्यंत त्या चाकाच्या खुर्चीत आल्या.

त्याच खुर्चीतून त्यांचा भाऊ त्यांना परत साहेबांकडे घेऊन गेला. मीही गेले. त्यांना पाहताच साहेब ताडकन उठले, टेबलाला वळसा घालून पुढे आले. "अरे मॅडम! आपने पहले बताया क्यों नहीं?" चहा मागवला, तिथल्या तिथे पलासियाच्या बदलीवर सही केली. ताई हातांवर भार देऊन अंग उचलून धरत होत्या, कारण बसवत नव्हतं. "थँक्यू सर," त्या म्हणाल्या. लिफ्टमध्ये मात्र दात आवळून म्हणाल्या, "मला थँक्यू म्हणावं लागलं त्याला."

मिळालेल्या जागेवर त्या दोन आठवडेही टिकल्या नाहीत. उभं राहता येत नाही, बसणं सोसत नाही, आणि झोपून करायची नोकरी कोण देतो? राजीनामा देऊन त्या भावाकडे महूला गेल्या. मी भेटायला जाते तेव्हा त्या पडल्यापडल्या ऑफिसातल्या दाव्यांची चौकशी करतात, आणि मी सांगत असताना डोळे मिटून घेतात.

परवा साहेबांचा निरोप समारंभ झाला. भाषणात त्यांनी ताईंची गोष्ट सांगितली. एक अपंग भगिनी आली आणि आपण कसलीही चौकशी न करता एका मिनिटात तिचं काम केलं, म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. साहेब खोटं बोलत नव्हते. एका मिनिटातच केलं होतं त्यांनी ते, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.