गाडीला पाणी दाखवलं का?

या ग्रुपवर मला बरेच जण ओळखतात, ते माझ्या गाडीच्या रिव्ह्यूमुळे. ॲव्हरेज किती, सर्व्हिसिंगचा खर्च किती, वसईच्या खड्ड्यांत सस्पेन्शन काय म्हणतं... सगळं खुलासेवार लिहिलं होतं मी. एक गोष्ट तेवढी लिहिली नव्हती. कारण लिहिली असती तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं, आणि तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. अंगात येणं, मुंज्या, चकवा असले विषय निघाले की मी उठून पान खायला जाणारा माणूस. माझा सातिवलीला प्लास्टिकची झाकणं बनवायचा गाळा आहे. तिथे मशीनच्या पॅनलवर लिंबू-मिरची बांधली तरी मी कामगारांवर ओरडतो — वितळून साच्यात पडली तर?

तर आमचं घर वसईत, होळी नावाच्या नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत. घरात मी, म्हणजे नरेश, बायको रश्मी, सहा वर्षांची मुलगी स्वरा आणि माझी आई. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आईचं माहेर खाडीकडचं, भातशेतीवाल्यांचं. इतकी वर्षं इकडे काढली तरी तिच्या तोंडात 'पाणी' नाही, 'पानी'च. आणखी एक — ती बाबांचं नाव घेत नाही. कधीच नाही. बँकेत नाव विचारलं की माझ्याकडे बघते, मी सांगायचं. बाबा गेल्यावरही तिच्यासाठी ते 'हे'च.

गाडी घेताना मी खूप शोधाशोध केली. लक्झरीमधली, पण छोटी एसयूव्ही हवी होती, कारण आमच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. ही घेतली ती एका फीचरसाठी. हिच्या आरशांच्या खाली सेन्सर आहेत. गाडी पाण्यात घातली की स्क्रीनवर गाडीचं चित्र येतं आणि त्यावर निळी रेघ दिसते — पाणी कुठपर्यंत आलंय ते. फार वर गेलं की गाडी बोंबलते. पावसाळ्यात वसईत राहणाऱ्याला याहून उपयोगाचं काय असणार? रश्मी म्हणाली, "त्यापेक्षा होडी घेतली असतीस."

गाडी घरी आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. (हो, गाडीच्या बाबतीत मी लिंबू चालवून घेतलं. हसा.) आई पायरीवर बसून बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "गारीला पानी दाखवलंस का रे?"

मला वाटलं, धुतली का विचारतेय. म्हटलं, "अगं शोरूममधून चकाचक होऊन आलीये." तरी तिच्या समाधानासाठी दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला नेऊन आणली. ती चाकांकडे बघून आत गेली.

हे झालं हिवाळ्यात. पुढची गोष्ट मार्चमधली. रविवारी सकाळी विरारला जायचं म्हणून पोर्चमध्ये गाडी सुरू केली आणि स्क्रीनवर आपोआप ते पाण्याचं चित्र उघडलं. निळी रेघ टायरच्या तळाशी. मी खाली उतरून पाहिलं. पेव्हर ब्लॉक कोरडे ठाक. गेटबाहेर पडलो तशी रेघ गेली. सेन्सरवर धूळ बसली असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग रोजच. फक्त आमच्या पोर्चमध्ये. गल्लीत नाही, गाळ्यावर नाही, हायवेला नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सेन्सर पुसले, सॉफ्टवेअर अपडेट केलं, तिथे दोन दिवस ठेवून घेतली. त्यांच्याकडे शहाण्यासारखी वागली. घरी आणली, पोर्चमध्ये घातली... रेघ टायरच्या निम्म्यापर्यंत.

इथे मी पहिल्यांदा घाबरलो. कारण बिघडलेला सेन्सर एकतर काहीतरीच दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही. हा बेटा रोज थोडं थोडं वर नेत होता. भरतीसारखं. मी कुणाला न सांगता सकाळी उठून आधी गाडी सुरू करून बघायला लागलो. चहाच्या आधी. रश्मीने एकदा खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "रोज उठून काय बघतोस रे?" मी म्हटलं, बॅटरी.

रेघ दाराच्या खालच्या कडेला लागली त्या दिवशी आईला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. तिला स्क्रीन-सेन्सर काय कळणार? पण तिला आश्चर्यच वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "वाढतं का उतरतं?"

"वाढतंय."

तिने गुडघे चोळले. मग म्हणाली, "बाला, गारी उभी कशावर हाय, ते ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतंच. आमच्या जुन्या घरामागे बावखल होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो — बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. वसईत वाडी तिथे बावखल असायचं, भाजीला आणि केळींना पाणी त्याचंच. मी कॉलेजात असताना बाबांनी ते भराव टाकून बुजवलं आणि हे घर बांधलं. तेव्हा सगळेच बुजवत होते. आमचा पोर्च बरोबर त्यावर आहे.

"आपल्यात नवीन जे येईल त्याला आधी पानी दाखवायचं," आई म्हणाली. "बैल आनला, दाखवला. ह्यांची स्कूटर आली, दाखवली. मी नवरी होऊन आली, मला काठावर उभी केली. तू दवाखान्यातून आलास तवा तुझी टाच भिजवली. पान्याला वलख लागते. नायतर ते इचारत बसतं, हे कोनाचं?"

मी हसलो. म्हटलं, "मग आधीच्या गाडीचं काय? ती तर बावखल बुजवल्यावरच आली होती."

"तिला दिसत नव्हतं," आई म्हणाली. "हिला दिसतं."

माझं हसू तिथेच विरलं. आणि मग ती जे बोलली ते तिने बोलायला नको होतं. "रश्मीच्या पायावर मी उंबऱ्यात पानी घातलेलं. पन स्वरा झाली तवा ती नालासोपाऱ्याला, आईकडे. घरी आनली तवा माझं गुडघ्याचं आपरेशन, मी बिछान्यात. पोरीचं ऱ्हाऊन गेलं रे."

मला भयंकर राग आला. खरंच सांगतो, आईवर मी असा कधी ओरडलो नव्हतो. म्हटलं, गाडीचं काय बोलायचं ते बोल, माझ्या पोरीचं नाव यात घ्यायचं नाही. मी त्याच संध्याकाळी गाडी पोर्चमधून काढून गल्लीत कुंपणाला लावली. विश्वास नव्हता माझा. भीती वाटत होती, एवढंच. माणसाला विश्वास नसतानाही भीती वाटू शकते, हे तेव्हा कळलं.

गल्लीत गाडी गुणी बाळासारखी राहिली. एप्रिल संपत आला. आमच्या चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा होता, दुपारचा. आईचे गुडघे फार दुखत होते, गल्लीपर्यंत चालवेना. म्हणून मी गाडी पायरीपाशी, पोर्चमध्ये घेतली. दोन मिनिटांचं काम. उन्हाने आत भट्टी झाली होती, म्हणून एसी लावून गाडी सुरूच ठेवली. स्क्रीनकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. स्वरा नवा परकर-पोलका घालून आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली, चपला खाली काढून. मी आईला हात द्यायला आत गेलो.

आई पाण्याचा तांब्या घेऊन औषधाची गोळी घेत होती. तेवढ्यात बाहेर गाडी बोंबलायला लागली.

तो आवाज मी डेमोमध्ये ऐकला होता. पाणी मर्यादेच्या वर गेल्याचा.

मी पळालो. काचेतून आधी स्क्रीन दिसली. निळी रेघ खिडक्यांच्याही वर. आणि मागे स्वरा. ती सीटवर उभी होती. टाचा उंचावून, हनुवटी छताला लावून, गाल फुगवलेले, डोळे मिटलेले. खेळत नव्हती. श्वास धरून होती. ओठ निळसर झाले होते. ते मला स्पष्ट दिसले.

दरवाजा लॉक नव्हता. हँडल ओढलं, आतली कडी सुटल्याचा खटका ऐकू आला. पण दार येईना. ज्यांनी पुरात गाडीचं दार उघडून पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. आतून काही अडकलेलं वाटत नव्हतं, बाहेरून दाबलेलं होतं. मी पाय लावून ओढलं. दुसरं दार, तेच. पुढचं दार, तेच. रश्मी मागून किंचाळत आली आणि काचेवर कुंडी मारायला लागली. कुंडी फुटली, काच नाही.

आई तांब्या घेऊनच पायरीवर आली. तिने एकदाच विचारलं, "किती हाय?"

मी ओरडलो, "डोक्यावर!"

ती पायऱ्या कशी उतरली मला माहीत नाही, तिला एक पायरी उतरायला मिनिट लागतं. तिने पुढच्या चाकापाशी तांब्यातलं पाणी पेव्हर ब्लॉकवर ओतलं. घोटभरच उरलं होतं. आणि खाली बघून म्हणाली, "ही आपली हाय. नरेशची पोर हाय."

मी दार ओढलं. हललं नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लाज होती थोडी. मग तिने डोक्यावर पदर घेतला, वाकली, आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हरिश्चंद्राची नात हाय ही. जानूची पनती. वलखलंस?"

बाबांचं नाव हरिश्चंद्र. आजोबांचं जानू. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दार इतकं सहज उघडलं की मी मागे आपटलो. आवाज बंद. स्वराने भस्सकन श्वास घेतला आणि खोकायला लागली. मी तिला तशीच उचलली आणि आत पलंगावर नेऊन ठेवली. अंग कोरडं, परकर कोरडा, केस कोरडे. रश्मी तिचे हात-पाय चोळायला बसली आणि थांबली.

"नरेश... हिच्या टाचा ओल्या आहेत."

दोन्ही टाचा. फक्त टाचा. आणि त्यांना हिरवट शेवाळ लागलेलं. आईने ओतलेल्या पाण्यात तिचा पाय पडला असेल? नाही. मी तिला गाडीतून थेट उचलली होती, पाय जमिनीला लागलेच नाहीत. आणि पेव्हर ब्लॉकवर एप्रिलमध्ये शेवाळ कुठून येणार?

डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक. एसीचा गॅस लीक झाला असेल म्हणाले. सर्व्हिस सेंटरने तोही तपासला. लीक नाही. दारांत बिघाड नाही.

तिसऱ्या दिवशी स्वरा जेवताना सहज म्हणाली, "बाबा, ते विचारत होतं, तू कोनाची?"

'कोनाची.' इंग्लिश मीडियममध्ये जाणारी माझी पोर, 'ण' अगदी स्वच्छ म्हणणारी.

"मग? तू काय सांगितलंस?"

"बाबांची. मग ते म्हणालं, बाबा कोनाचा? मला नाव माहीतच नव्हतं. आपल्याकडे आजोबांना सगळे आजोबाच म्हणतात ना." मग वरणात भात कालवत म्हणाली, "नंतर आजीने सांगितलं."

आईने ताटावरून मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. भीतीने की नाव घेतल्याच्या दुःखाने, मी विचारलं नाही. मी फक्त जाऊन तिच्या शेजारी बसलो. तिच्यावर ओरडलो होतो ते मनात सलत होतं.

पोर्चच्या कोपऱ्यातले काही पेव्हर ब्लॉक मी काढून टाकले. तिथे उघडी माती ठेवली आहे. आई रोज तिथे तांब्याभर पाणी घालते. रश्मी नोकरीसाठी स्कूटी घेऊन आली तेव्हा तांब्या आणायला आईच्या आधी मी धावलो, हे इथे कबूल करतो. गाडी अजून आहे, विकायचं धाडस झालं नाही. घेणाऱ्याच्या घरी लहान मूल असलं तर?

मला अजूनही वाटतं, कुणीतरी जाणकार माणूस येईल आणि म्हणेल, अमुक सेन्सर, तमुक व्हॅक्यूम, म्हणून दार उघडलं नाही. मी त्याच्या पाया पडेन. अजून कुणी आलेलं नाही.

स्वराला आता कुणी नाव विचारलं की ती पूर्ण सांगते — स्वरा नरेश हरिश्चंद्र जानू. लोकांना कौतुक वाटतं, एवढ्याशा मुलीला पणजोबांचं नाव ठाऊक. बाहेर असली की ती विचारणाऱ्याकडे बघून सांगते. घरी पोर्चमध्ये कुणी विचारलं, तर ती खाली जमिनीकडे बघून सांगते. आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ तशीच थांबते.