ट्रॉयचा मानाचा फेटा

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींना बास नावाचा मासा माहीत झाला तो केदार लिमयेमुळे, आणि ही गोष्ट केदार कुणाला विसरू देत नसे. आठवडाभर एका कंपनीत गाड्यांचे गिअरबॉक्स तपासायचे आणि सुट्टी आली की सेंट क्लेअर तलाव गाठायचा, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. माणूस पुण्याच्या कट्टर शाकाहारी घरातला. मासा पकडायचा, पट्टीवर मोजायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. "खायचा नाही, तर त्या मुक्या जिवाला छळायचं कशाला?" असं आई फोनवर विचारायची. त्या प्रश्नाचं त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बाकी सगळ्या प्रश्नांची होती.

आणि लोक विचारतही. कुणी नवी रॉड घेतली की पहिला फोन केदारला. मग तो खुर्चीत मागे रेलून सुरू व्हायचा. "हे बघ, इथलं पाणी नितळ. माशाला दोरी दिसते, म्हणून बारीक घे. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली कर. कोरडी आवळलीस की दोरी तापते आणि मोठा मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. गळाचं टोक नखावर टेकव, घसरलं तर फेकून दे. आणि बोट पाण्यात सोडताना आधी बूच, मग बाकी जग!"

बूच म्हणजे बोटीच्या मागे, तळाशी जे भोक असतं त्याचं. तलावातून बाहेर आलं की ते काढून आत साठलेलं पाणी सांडायचं, आणि पुन्हा उतरताना आठवणीने लावायचं. काढायचा मिशिगनमध्ये कायदाच आहे. लावायचं ज्याचं त्याने बघायचं.

दसऱ्याच्या सुमाराला होणारी तिथल्या मराठी मंडळाची मासेमारी स्पर्धा केदारनेच सुरू केली. ज्याचा मासा सगळ्यांत लांब, त्याला फेटा. जांभळा, जरीकाठी फेटा केदारनेच पुण्याहून आणलेला. तो वर्षभर विजेत्याच्या घरी राहायचा आणि पुढच्या वर्षी त्याने तो नव्या विजेत्याला स्वतःच्या हाताने बांधायचा, अशी पद्धत. सुरुवातीची कित्येक वर्षं केदारच जिंकायचा, त्यामुळे बांधायचं काम त्याच्या बायकोकडे, आसावरीकडे यायचं. ती जांभया देत बांधायची.

मग नागपूरहून सौमित्र आला. केदारच्याच ऑफिसात, हाताखाली. गोड बोलायचा, "दादा, दादा" करत मागे फिरायचा. केदारने त्याला गाठी शिकवल्या, गळ ओळखायला शिकवलं, आपल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटीत बसवून खडकांच्या जागा दाखवल्या. दोन उन्हाळ्यांत सौमित्रने लाल चकचकीत मोठी बोट घेतली, आणि लोकांचे फोन त्याला जायला लागले. केदारचीच वाक्यं तो लोकांना सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. केदारच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गेल्या वर्षी स्पर्धाही सौमित्रने जिंकली. केदारने त्याला फेटा बांधला तो इतका करकचून की त्या बिचाऱ्याच्या कपाळावर वळ उठला.

"त्याची बोट मोठी आहे रे, म्हणून," आसावरी समजूत काढायला गेली.

"बोटीचा काय संबंध? लक आहे साल्याचं!" केदार म्हणाला, आणि त्या रात्री जेवला नाही. खरं तर त्याला बोट नको होती, जिंकायचंही एवढं नव्हतं. पुन्हा एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणावं, केदारला विचारा, एवढंच त्याला हवं होतं. पण हे बायकोला कोण सांगणार?

यंदा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सौमित्रने दसऱ्याची पूजा ठेवली. गॅरेजमध्ये लाल बोटीला झेंडूचा हार, पुढच्या टोकाला स्वस्तिक. शेजारी पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. पक्कड, रीळ, गळांचा डबा, आणि सगळ्यांच्या मध्ये, छोट्या गडूसारखं दिसणारं, बोटीचं पितळी बूच. सौमित्रच्या बायकोने, नीनाने, खुंटीवर टांगलेलं ते घासूनपुसून मांडलं होतं. पाहुण्यांनी एकेक फूल वाहायचं होतं. केदारने नेमकं बुचावर वाहिलं. तेव्हा त्याच्या मनात काहीच नव्हतं.

सकाळी केदार तलावावर पोचला तेव्हा वारा सुटला होता. लाटांवर पांढरा फेस दिसत होता. सौमित्र एकटाच आला होता, नीना मागून डबे घेऊन येणार होती. तो बोटीचा ट्रेलर उतारावरून मागे घेत होता, आणि केदारची नजर सवयीने बोटीच्या तळाकडे गेली. भोक काळं, उघडं.

एक शब्द पुरला असता. तो केदारच्या जिभेवर आलासुद्धा. पण आजूबाजूला अजून कुणी नव्हतं. थोडी मंडळी जमू देत, त्याने ठरवलं. बोट धक्क्याला लागेल, आत जरा पाणी शिरेल, मग सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू, "काय सौमित्र, बूच?" हशा होईल. कोण कुणाचा गुरू ते एकदाचं कळेल. बुडवायचं थोडंच होतं कुणाला! केदार मूग गिळून उभा राहिला.

मंडळी आली. बोट पाण्यात तरंगू लागली. केदार तोंड उघडणार, तेवढ्यात सौमित्रच ओरडला, "दादा, आज तुमची छोटी बोट नका टाकू यार, वेव्ज बघा! माझ्यात या. चला, लाइफ जॅकेट घाला."

सगळे बघत होते. नाही म्हणायला कारण सुचेना. बसल्या बसल्या सांगू, म्हणून केदार चढला, आणि सौमित्रने लगेच इंजिन सुरू केलं. बोट भरधाव असते तोवर भोकातून पाणी फारसं आत येत नाही, थांबली की येतं. हे केदारला माहीत होतं, म्हणून तो थांबण्याचीच भीती धरून बसला.

"तुझी रॉड कुठाय?" त्याने विचारलं.

"आणलीच नाही. मी फक्त ड्राइव्ह करणार. गेल्या वर्षी तुम्ही फेटा बांधलात ना, तुमचा चेहरा बघवला नाही मला. सगळं तुमच्याकडून शिकलो आणि तुमच्याचसमोर उड्या मारत होतो." सौमित्रने सीटखालून पिशवी काढून दाखवली. आत जांभळा फेटा होता. "इस्त्री करून आणलाय. आज बाजी तुम्ही मारा दादा."

केदारच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आता बूच म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? सौमित्रने खडकांपाशी नेऊन बोट थांबवली.

आधी पाणी उपसायचा पंप घुरघुरायला लागला, मग थांबेचना. मागची बाजू जड होऊन खाली बसली. एक लाट आत आली. पाणी बुटांत शिरलं, आणि सौमित्रची पाचावर धारण बसली. "दादा! काय झालं? बोट फुटली का?"

केदार मागे धावला, तळावरचं झाकण उचलून पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला. बोटांना भोक लागलं. कोंबायला काहीतरी हवं होतं. दुसऱ्या हाताने त्याने पिशवी ओढली, फेट्याचा जरीचा पदर पिळून घट्ट केला आणि भोकात ठासून बसवला. पाणी थांबलं. पंपाला जोर आला. "हळू चालव," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

धक्क्यावर सौमित्रने सगळ्यांना हातवारे करून सांगितलं. "दादा नसते तर गेलो होतो! एका सेकंदात ओळखलं त्यांनी. मला अजून कळेना, बूच मी लावलं कसं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी केदारला कॉफी दिली, कुणी पाठ थोपटली. मासा कुणाचाही असो, यंदाचा फेटा केदारचाच, असं सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. एक जण तर म्हणाला, "यापुढे काहीही असेल तर केदारला विचारायचं!" हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं होतं, आणि कॉफी त्याच्या हातात तशीच निवत होती.

बोट पाण्याबाहेर ओढल्यावर सौमित्रने ओला, तेलाचा वास मारणारा फेटा पिळून घेतला आणि केदारच्या डोक्याला पहिला वेढा दिला. तेवढ्यात नीना धावत आली. हातात हळदीकुंकवाने माखलेलं पितळी बूच.

"पाटावरची फुलं काढली तर हे सापडलं! फोन किती लावले, उचलत का नाहीस?" तिने सौमित्रला झापलं, आणि मग केदारकडे वळून भाबडेपणाने म्हणाली, "अहो केदारदादा, काल यावर फूल तुम्हीच वाहिलंत ना? तुमच्याही लक्षात नाही आलं?"

सौमित्रचा हात थांबला. केदारला त्याचा चेहरा दिसत नव्हता, तो मागे उभा होता. नाही म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं.

"आलं होतं," केदार म्हणाला. "सकाळी भोकही पाहिलं मी. बोललो नाही."

फेट्यातलं पाणी केदारच्या मानेवरून खाली ओघळत होतं. आता सौमित्र फेटा काढून घेईल, चार शिव्या देईल, आणि देऊ देच, म्हणजे बरं वाटेल, असं त्याला मनापासून वाटलं.

मागून फेट्याचा दुसरा वेढा आला. मग तिसरा. सैलसर, कपाळावर वळ उठणार नाही असा.

"हलू नका दादा," सौमित्र म्हणाला. आवाज जरा बसला होता. "तिरका होतोय."

केदार हलला नाही. आपल्याला हे कधीच जमलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लाल बोटीचा, फोनचा, गेल्या वर्षीच्या माशाचा मिळून जेवढा हेवा त्याने केला नव्हता, तेवढा त्या सैल हातांचा त्याला त्या क्षणी वाटला.