कॅलिपरबाई आणि तिची ताई

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, एक लांबोडकी खोली आहे. दाराशी ऐरण, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या सळया, कोपऱ्यात चामड्याची भेंडोळी, आणि सगळीकडे तेलाचा वास. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी इथे कॅलिपर बनतात. पायाच्या दोन्ही बाजूंना सळया, मांडीला नि पोटरीला चामडी पट्टे, खाली बूट, गुडघ्याशी कडी. कडी पाडली की पाय ताठ उभा राहतो, उचलली की माणसाला बसता येतं.

ते बनवणारीला गल्ली कॅलिपरबाई म्हणते. घरात ती दोघी बहिणींतली धाकटी. तिच्याही डाव्या पायात कॅलिपरच आहे. कुणी त्या पायाकडे टक लावून बघितलं की ती म्हणते, "हा आमचा जावई. काम काडीचं करत नाही, पण मिरवतो सगळ्यांच्या पुढे."

हा जावई आला तेव्हा ती नुकती दुडुदुडु चालायला लागली होती. आधी थोरलीला ताप आला, मग हिला. थोरली चार दिवसांत खडखडीत बरी झाली. धाकटीचाही ताप उतरला. आईने तिला खाटेवरून उतरवून उभं केलं, तर डावा पाय खालून निघूनच गेला. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. मग जो तो आपापलं सांगू लागला. पडली असेल, वारं लागलं असेल, कुणाची नजर असेल. आईने तेल चोळून चोळून स्वतःचे तळवे सोलवटून घेतले. शेवटी डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. पोलिओ. पाय हलवणाऱ्या नसाच मेल्या होत्या आणि त्यांना जिवंत करणारं औषध जगात कुठेही नव्हतं.

पहिला कॅलिपर मिळाला तो याच खोलीतून. पण मुलगी अशी अचपळ, की त्यातही पळायला बघायची. आज सळई वाकली, उद्या पट्टा तुटला. दुकानाचे म्हातारे मिस्त्री वैतागून म्हणाले, "पोरी, सारखी ये-जा करण्यापेक्षा इथेच मुक्काम ठोक की!"

शाळा संपल्यावर तिने खरंच ठोकला. सळई तापवायला, वळवायला, पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावायला ती शिकली. पट्टा कुठे काचतो हे तिला शिकवावं लागलं नाही. लोखंड बघून मुलं भोकाड पसरायची. मग ती आपल्या कॅलिपरची कडी उचलायची, पाडायची, खटाक करून. "वाजव बघू तू." रडता रडता पोरं कडी वाजवायला लागायची, आणि तेवढ्यात हिने त्यांच्या पायाचं माप घेतलेलं असायचं. मिस्त्री गेले, दुकान तिच्याकडे आलं.

पुढे घरोघर पोलिओचे थेंब पोचले, तशी लहान मापाची मागणी आटत गेली. शेजारी हळहळले, तुझा धंदा बसला म्हणून. "बसू दे," ती म्हणाली, "छान पाय पसरून बसू दे." अपघातात अधू झालेल्यांचे पट्टे नि बूट बनवून तिने दुकान चालू ठेवलं.

आणि एके दिवशी आरोग्य खात्याच्या सिस्टर गल्लीत आल्या. वस्तीच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला होता. बायकांना बोलवायला जागा हवी होती, म्हणून कॅलिपरबाईने सळया बाजूला सारून सतरंजी अंथरली. तिला भेटायला आलेली थोरलीही बसली.

वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची सून तान्ह्याला मांडीवर घेऊन म्हणाली, "पण सिस्टर, गल्लीत एकही पोर आजारी नाही. माझ्या बाळाला थेंब दिलेतही. परत परत कशाला?"

सिस्टरांनी समजावलं. विषाणू शिरला तरी बहुतेक मुलांना काहीच होत नाही. फार तर ताप येतो, उतरतो. पण त्या मुलांच्या शौचातून तो बाहेर पडतो, हाताला लागतो, पाण्यात मिसळतो, दुसऱ्या मुलाच्या पोटात जातो. शेकड्यांनी मुलांना शिवून जातो, तेव्हा एखादंच कायमचं अधू होतं. "ते कुणाचं असेल, हे आधी कळत नाही. एखाद्या डोसाने संरक्षण पुरं होतंच असं नाही, म्हणून पुन्हा द्यायचे."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे," ती पुटपुटली, "ताप आधी मला आला होता. माझ्याकडूनच आला हिला."

धाकटी भिंतीला धरून उठली, तिच्याशेजारी येऊन कडी उचलून बसली.

"असेल," ती म्हणाली. "नसेलही. आणि तुला कुणी दिला, ताई? आई दोघींना एकाच ताटलीत भरवायची, तिला बोल लावू?"

"अगं, पण तुझा पाय..."

"ताप तू जाणूनबुजून दिला नाहीस. पण कॅलिपर मोडला की मला पाठुंगळी घेऊन शाळेत न्यायचीस, ते मात्र जाणूनबुजून. कंबर भरून यायची तुझी, आठवतं? तुला थेंब मिळाले असते तर तो तापही कदाचित माझ्यापर्यंत आला नसता. एवढंच आहे ते."

थोरलीने पदर डोळ्याला लावला. शिंप्याची सून बाळाकडे बघत बसली. मग म्हणाली, "सिस्टर, आता देता का? नाहीतर घरी गेले की सासूबाई पुन्हा फाटे फोडतील."

"सासूबाईंना माझ्याकडे पाठव," कॅलिपरबाई म्हणाली. "त्यांच्या मापाचा एखादा कॅलिपर बघते."

बायका फिस्सकन हसल्या. पुढचे दिवस दोघी बहिणी सिस्टरांबरोबर जिने चढल्या-उतरल्या. जिथे दार उघडायचं नाही तिथे धाकटी कॅलिपरचा पाय पुढे करून पायरीवर बसायची, आणि थोरली आपल्या दोघींच्या तापांची गोष्ट सांगायची. त्या वस्तीत एकाही मुलाचा पाय गेला नाही.

अलीकडे कॅलिपरबाईचा चांगला पायही लवकर थकतो. पोलिओतून वाचलेल्या नसा जन्मभर जास्तीचं काम करून दमल्यात, असं डॉक्टर सांगतात. तिने ऐरण बुटक्या ठोकळ्यावर उतरवून घेतली आहे. आता बसून ठोकते, दुपारी तासभर आडवी होते, आणि कुणी कीव केली की घण त्याच्याच हातात देते.